मनाचा आजार आणि आजाऱ्याची सोबत
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



या सभेत आम्ही बोलावे असे ठरले तेव्हा चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या ट्रस्टने गरजू मुलांना वह्यापुस्तके दिली, शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्याला बेळगावास नेण्यासाठी गाडी घेतली, आणि ज्या घरी मर्तिक झाले त्या घरी पहिल्या दिवसाचे जेवण जात-धर्म न पाहता पोचविले. या कामांविषयी बोलण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. आम्ही बोलणार आहोत ते जे काम अजून सुरू व्हावयाचे आहे आणि ज्यावर गेल्या महिन्याच्या बैठकीत मतभेद झाला, त्याविषयी.

प्रस्ताव साधा होता. ट्रस्टच्या इमारतीतील वरची खोली दर रविवारी सकाळी उघडी ठेवावी. ज्यांच्या घरी मनाचा आजार आहे त्यांनी तेथे यावे, बसावे, बोलावे. कोठे जावयाचे, कोणास दाखवावयाचे, कागद कोणते लागतात, हे त्यांस कळावे. यास कोणाचाच विरोध नव्हता. अडले ते तेथे बसणार कोण या प्रश्नावर. यादीत तीन नावे होती आणि तिन्ही माणसे स्वतः मनाच्या आजारातून गेलेली. दोघांची औषधे अजून चालू आहेत. तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “ज्याचे स्वतःचे छप्पर गळते, तो दुसऱ्याचे घर काय शाकारणार?”

प्रश्न रास्त आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. बैठकीत आम्ही गप्प बसलो, कारण त्या तीन नावांत एक नाव आमचे आहे. आज उत्तर देतो.

ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून हे सांगणे सोपे नाही. समोर आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप बसले आहेत. हाताला प्लास्टर घालून वर्गात गेलेल्या मास्तरांना पोरे पाणी आणून देतात. पण मास्तर रोज रात्री मनाच्या आजाराची गोळी घेतात असे कळले, तर उद्या एखादा पालक आपल्या मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत घालील, ही भीती आम्हांला गेली अनेक वर्षे आहे. ती खरी ठरेल की खोटी, हे आज संध्याकाळनंतर कळेल.

आमच्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जुलै महिन्यात, पावसाची झड लागली असताना हा आजार उघड झाला. त्यापूर्वी दोन महिने पहाटे तीनला झोप मोडत असे आणि पुन्हा लागत नसे. भाकरीची चव गेली होती. त्या दिवशी सातवीच्या वर्गावर फळ्यावर तारीख लिहावयास खडू उचलला आणि तारीख लिहिली जाईना. तारीख ठाऊक होती, हातही धड होता. पण ती लिहिण्याचे काही कारण आहे असे वाटेना. चाळीस मुले गप्प बसून पाहत होती. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने उठून आमच्या हातातला खडू घेतला आणि तारीख लिहिली. त्या मुलीला आपण काय केले ते अजूनही ठाऊक नसेल.

घरी कोणी आळस म्हटले, बाहेर कोणी ढोंग म्हटले, आणि बाधा म्हणणारे तर पुष्कळच होते. अम्मीने दर्ग्यात नेले. तेथे मन शांत झाले, हे आम्ही नाकारणार नाही. पण झोप आली नाही. तेथल्या एका वृद्ध मुजावरांनी अम्मीला बाजूस घेऊन सांगितले की दुआ चालू ठेवा आणि मुलाला डॉक्टरांनाही दाखवा. त्या सद्गृहस्थांचे उपकार आमच्यावर आहेत. पुढे आम्ही वाचले की गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात याच रीतीने काम उभे राहिले. तेथे दवा आणि दुआ हातात हात घालून चालतात. मुजावरच आजाऱ्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितात. याच्या उलट काय होते तेही आपल्या देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी निवाऱ्यास आग लागली. आजारी माणसे साखळदंडाने बांधलेली होती, त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. दोष श्रद्धेचा नव्हता, साखळीचा होता. आणि साखळी काही एकाच धर्माच्या घरांत असते असे नाही. आपल्या भागातही मागच्या पडवीत बांधून ठेवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

असो. बेळगावात उपचार सुरू झाले. गोळ्या सुरू होऊन आठ दिवस झाले आणि आम्ही त्या बंद करण्याच्या विचारात होतो. तोंड कोरडे पडे, पोट ढवळे, जीव घाबरा होई, आणि मन होते तेथेच. दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. मच्छेच्याच औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे, हाताच्या रेषांत तेल मुरलेले. त्यांनी विचारले, “मास्तर, कितवा दिवस?” आम्ही म्हणालो, आठवा. “मग आत्ताच कसं कळणार हो? पहिले दोन आठवडे गोळी नुसता त्रासच देते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप सुधारते, खाणं सुधारतं. मन सगळ्यात मागनं येतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि सोडायची झाली तर डॉक्टरला विचारून सोडा, मी न विचारता सोडलो होतो.”

हेच डॉक्टरांनीही सांगितले असणार. कदाचित चिठ्ठीवर लिहूनही दिले असेल. पण ते आमच्या कानांत शिरले नव्हते. हे शिरले, कारण सांगणारा माणूस सहा वर्षे औषध घेत होता आणि संध्याकाळच्या पाळीवर जाण्यासाठी डबा घेऊन बसला होता. तो डबा पाहून आम्ही गोळ्या चालू ठेवल्या. पाचव्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. नीट वाटू लागल्यावर गोळ्या लगेच थांबवावयाच्या नसतात, पुढे निदान सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, काहींना त्याहून पुष्कळ अधिक काळ, हेही प्रथम त्यांच्याकडूनच कळले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. आजारी माणसाने आजाऱ्याला सोबत करणे ही काही आमची नवी कल्पना नव्हे. पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे जुने इस्पितळ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील वेड्यांच्या विभागाचा कारभार झां-बातिस्त प्यूसँ नावाच्या माणसाकडे होता. हा डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रोगी म्हणून तो तेथेच आला होता आणि बरा झाल्यावर तेथेच कामास राहिला. सेवक नेमताना तो होता होईल तो बऱ्या झालेल्या किंवा बऱ्या होऊ लागलेल्या रुग्णांतूनच नेमी, कारण असे सेवक मारझोड करीत नसत. १७९७ मध्ये त्याने त्या विभागातील साखळदंड काढून टाकले. पुस्तकांतून श्रेय डॉक्टर पिनेल यांना मिळते. परंतु प्यूसँकडून आपण शिकलो हे पिनेल यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील क्लिफर्ड बीअर्स यांची. १९०० साली त्यांच्या मनाचा तोल गेला, आणि पुढची तीन वर्षे तीन निरनिराळ्या इस्पितळांत गेली. तेथे त्यांनी मार खाल्ला आणि इतरांना खाताना पाहिले. बाहेर आल्यावर १९०८ मध्ये त्यांनी आपली हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. हे सांगून बहुतेक वक्ते थांबतात. पुढचे कोणी सांगत नाही. म्हातारपणी त्यांचा आजार उलटला. १९३९ मध्ये ते पुन्हा मनोरुग्णालयात दाखल झाले आणि १९४३ मध्ये तेथेच वारले. म्हणून त्यांनी केलेले काम पुसले गेले काय? त्याच कामाचा वारसा चालविणाऱ्या संस्थेने देशभरातील इस्पितळांतून जुन्या बेड्या आणि साखळ्या गोळा करून १९५३ मध्ये बाल्टिमोर येथे वितळविल्या आणि त्यांची सुमारे तीनशे पौंडांची घंटा ओतली. उद्यमबागेतील आणि मच्छेतील आपल्या फाउंड्रीवाल्यांना ही हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते; भट्टीचे इतके चांगले काम क्वचितच झाले असेल.

दूरची उदाहरणे पुरेत. पुण्याचे मुक्तांगण आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. या सभेतील एक-दोन घरांना तर चांगलेच ठाऊक आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ऑगस्ट १९८६ मध्ये ते सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते चालविले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीने त्याचा पाया घातला. दारू आणि गर्द यांतून सुटलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते झाली. नव्याने आलेल्या माणसाने “मला सवय नाही, मी कधीही सोडू शकतो” असे म्हटले की समोरचा हसतो, कारण हे वाक्य त्याने स्वतः शंभरदा म्हटलेले असते. अशा माणसापुढे थापा चालत नाहीत आणि लाजही वाटत नाही. हा व्यसनाचा प्रकार झाला. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराविषयी म्हणाल तर मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्र शिकविणारे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा आजार होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापिली. २००४ चा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट निघाला तोही त्यांच्याच खटपटीने. पुण्या-ठाण्याच्या अशा संस्थांतून दोन शब्द रूढ झाले आहेत: आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर. प्रथम ऐकले तेव्हा हे शब्द आम्हांला थोडे कृत्रिम वाटले. आता वाटत नाहीत. गल्लीत आमच्यासाठी जो शब्द वापरला गेला होता, त्याहून ते निश्चित बरे आहेत.

कायद्याचेही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळदंडाने बांधण्यास बंदी केलीच. शिवाय प्रत्येक राज्याच्या प्राधिकरणावर मनाचा आजार असलेल्यांचे किंवा होऊन गेलेल्यांचे प्रतिनिधी घ्यावेत असे ठरविले. बेंगळूरूच्या प्राधिकरणात ज्यांच्यासाठी खुर्ची आहे, त्यांच्यासाठी मच्छेतील वरच्या खोलीत खुर्ची नसावी, हे आम्हांला पटत नाही.

मात्र बैठकीतील प्रश्न आम्ही रास्त म्हटला, तो सौजन्य म्हणून नव्हे. छप्पर गळते हे खरेच आहे. आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्या सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

पहिली चूक बोलण्याची. बरे वाटू लागल्यावर आम्हांला आपली हकीकत सांगण्याचा नादच लागला. एकदा एक शेतकरी बाई नवऱ्याविषयी विचारावयास आमच्या घरी आल्या. आम्ही त्यांना अर्धा तास आमचा आजार ऐकविला. त्यांनी मान हलवीत ऐकला, चहा घेतला आणि निघून गेल्या. काय विचारावयास आल्या होत्या ते त्यांनी सांगितलेच नाही, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. लेथवरच्या गृहस्थांनी आमच्याशी पाच मिनिटे बोलताना स्वतःविषयी एकच वाक्य उच्चारले होते. हे आम्हांला फार उशिरा उमगले.

दुसरी चूक मोठी. एका तरुणाच्या आईचे रात्री-अपरात्री फोन येत. आम्ही प्रत्येक फोन घेत असू, कधी रात्री दोन वाजता उठून जात असू. आमच्याखेरीज त्याला कोणी नाही, असे वाटू लागले होते. हे वाटणेच धोक्याचे होते. तो रमजानचा महिना होता. आमची एक गोळी तेव्हा सकाळी न्याहारीनंतर घ्यावयाची असे. रोजे धरले आणि डॉक्टरांना न विचारता ती आम्ही मनानेच सोडून दिली. वस्तुतः नुसते विचारले असते तर त्यांनी ती सहरीच्या किंवा इफ्तारच्या वेळेस बसवून दिली असती. बहुतेक औषधांचे असे जमते, आणि ज्यांचे जमत नाही, जसे लिथियमवर असलेल्यांना पाण्यावाचून राहणे बाधू शकते, त्यांना डॉक्टर आधीच सावध करतात. झोप मोडलेली, गोळी बंद. ईदच्या सकाळी आम्ही नमाजाला उठू शकलो नाही. नवे कपडे खुंटीवर तसेच राहिले. मुले दाराशी येऊन पाहून जात होती.

त्या दुखण्यातून उठावयास तीन महिने लागले. आणि तो तरुण? आमच्यावाचून त्याचे काही अडले नाही. त्याच्या आईने त्याला इस्पितळात नेले, औषध बदलले, त्याला उतार पडला. पुढे तोच एका दुपारी आमच्या घरी आला, खुर्ची ओढून बसला आणि तासभर काहीही बोलला नाही. जाताना मात्र आमच्या पत्नीला विचारून गेला की सर गोळ्या वेळेवर घेतात ना. यादीतील तीन नावांपैकी दुसरे नाव त्याचे आहे. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत.

यावरून आमचे म्हणणे असे की बसणाऱ्याने काय करावयाचे आणि काय नाही, हे आधी ठरले पाहिजे. आम्ही औषधाचे नाव सुचविणार नाही, कमी-जास्त करा असे सांगणार नाही. आजार कोणता तेही सांगणार नाही. रात्रीचे फोन आम्ही घेणार नाही. कोणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर ती गोष्ट आम्ही आपल्यापाशी ठेवणार नाही, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवू. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला आहे. तो दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत लिहून ठेवू. महिन्यातून एकदा एका जाणत्या डॉक्टरांपुढे तिघांनी बसावे आणि कोणास काय सांगितले त्याचा हिशेब द्यावा. आणि आमच्यापैकी कोणाची झोप सलग चार रात्री बिघडली तर त्याने त्या रविवारी खोलीवर येऊ नये. ही अट आम्हीच आमच्यावर घालून घेतो आहोत. ट्रस्टने एवढेच पाहावे की असा माणूस दोन रविवार आला नाही म्हणून त्याचे नाव खोडले जाऊ नये. ज्याला मधुमेह आहे त्याचे नाव आपण खोडतो का?

“हे काम शिकलेल्या डॉक्टरांचे आहे”, असेही कोणी म्हणेल. डॉक्टर पुरेसे असते तर आम्ही वाद घातला नसता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला, आणि जिल्ह्याच्या पातळीवर तो कसा चालवावा याचा पहिला प्रयोग १९८५ मध्ये आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात झाला. देशाने तो नमुना पुढे उचलला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनाचा आजार आहे, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपल्या समोरच्याच रस्त्याने खानापूर ओलांडून घाट उतरले की गोवा लागतो. तेथे ‘संगाथ’ या संस्थेने आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना बसविले. नैराश्य आणि चिंता यांनी पिडलेल्यांना सरकारी केंद्रांत त्यांचा चांगला उपयोग होतो, हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते समुपदेशक शिकवून तयार केलेले होते, हे मात्र विसरता येणार नाही. आम्हां तिघांनाही शिकवून घ्यावे लागेल, आणि त्याचा खर्च ट्रस्टला सोसावा लागेल. फुकटची सेवा फार दिवस टिकत नाही, असा शाळेतला आमचा अनुभव आहे. जाण्यायेण्याचे भाडे आणि थोडे मानधन द्यावे. आम्हांला पगार आहे, आमचे सोडा. परंतु यादीतील तिसऱ्या बाईंची शिलाईची कामे रविवारीच असतात.

त्या बाईंविषयी आणखी एक सांगावयाचे. स्त्रिया वरच्या खोलीत पुरुषांसमोर बोलणार नाहीत. बाळंतपणानंतरचे औदासीन्य, सासरी दडवून ठेवलेले आजार, लग्न मोडेल म्हणून बंद केलेल्या गोळ्या, हे सारे आमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही, त्यांच्यापर्यंत पोचेल. म्हणून सकाळचा पहिला तास फक्त स्त्रियांचा असावा आणि त्या वेळी आम्ही दोघे खाली थांबावे.

नोंदवहीत नावे लिहू नयेत, केवळ किती जण आले तो आकडा लिहावा, अशी आमची सूचना आहे. आपले गाव लहान आहे. वहीत कोणाचे नाव आहे ते दुपारच्या आत बसस्टॉपवर कळेल.

कार्यकारी मंडळाची बैठक येत्या शुक्रवारी जुम्म्यानंतर आहे. विश्वस्तांनी तेथे काय ते ठरवावे. नकार आला तर आम्ही तो मान्य करू आणि आमच्या घरी जे येतात त्यांना पूर्वीप्रमाणे भेटत राहू. होकार आला तर एक काम लगेच करावे लागेल. वरच्या खोलीच्या जिन्यावर दिवा नाही आणि चौथी पायरी फुटलेली आहे. गोळ्यांनी ज्यांचा तोल जातो अशी माणसे त्या जिन्याने येणार आहेत. पायरी आधी दुरुस्त करून घ्यावी.